वाचकांचे प्रश्न: पाण्यात न टिकणारे पापुद्रे

प्रश्न: मी बडोद्यात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडची भुकटी पाण्यात घालून सोनिकेटरमध्ये (उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींनी द्रव हादरवणाऱ्या यंत्रात) तीन तास ठेवली. संध्याकाळी पाणी काळे दिसत होते, सकाळी मात्र सगळी भुकटी तळाशी बसलेली होती. नॅनोपत्रे, म्हणजे एक किंवा मोजक्याच थरांची अतिपातळ पत्रे, सुटलीच नाहीत का? लिथियमची पद्धत वापरावी, असे एक जण सुचवतात. माझ्या काकांच्या गॅरेजमध्ये याच पदार्थाचे काळे ग्रीस असते. मग तेही नॅनोपत्रांचेच का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: काकांच्या ग्रीसपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण ते बोटाला जे निसरडे लागते त्यातच आपल्या प्रयोगाचे मर्म आहे. या पदार्थाच्या प्रत्येक थरात मध्ये मॉलिब्डेनमचे अणू आणि वर-खाली गंधकाचे अणू असतात. थराच्या आतले बंध भक्कम, पण दोन थरांमधली ओढ अगदी क्षीण असते. म्हणून अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे निघतात आणि एकमेकांवरून घसरतात. एका थराची जाडी सुमारे 0.65 नॅनोमीटर असते. ग्रीसमधल्या कणांत असे शेकडो-हजारो थर एकावर एक असल्यामुळे त्यांना नॅनोपत्रे म्हणता येणार नाही.

आता आपल्या प्रयोगाकडे वळू. आपली पत्रे सुटलीच नाहीत असे मला वाटत नाही. काही सुटली असावीत आणि रात्रभरात पुन्हा एकमेकांना चिकटून खाली बसली असावीत. पत्रे सोडवण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्यांना सुटे ठेवण्याला असते आणि ते काम द्रावकाचे असते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, तर या पत्रांना मानवणारे द्रावक 40 च्या आसपासचे असतात. 2011 मध्ये डब्लिनच्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने अनेक द्रावके तपासून हा मेळ दाखवून दिला. त्यांतले एन-मिथिल पायरोलिडोन हे द्रावक प्रभावी आहे, पण ते गर्भाला घातक ठरू शकते आणि त्याचा उत्कलनबिंदू 200 अंशांच्या वर असल्याने वाळवतानाही पिच्छा सोडत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, आपण पाणी आणि इथेनॉल जवळजवळ निम्मे-निम्मे मिसळून पाहावे; एकेकटे असताना दोन्ही नापास होणारी ही द्रव्ये एकत्र आली की पत्रे बऱ्यापैकी तरंगती ठेवतात. सोनिकेटरच्या टाकीतले पाणी तासाभरात चांगलेच तापते, त्यामुळे त्यात अधूनमधून बर्फ घालावा. नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जाड कण खाली बसवावेत आणि वरचा द्रव पिपेटने हळूच काढून घ्यावा.

हा द्रव उजेडात धरून अवश्य पाहा. मूळ भुकटी करडी-काळी, पण चांगला जमलेला द्रव गडद हिरवट, पातळ केल्यावर पिवळसर हिरवा दिसतो. अंधाऱ्या खोलीत त्यातून लेसर पॉइंटरचा किरण सोडला, तर किरणाची वाट सरळ रेघेसारखी उजळते. अर्थात ही केवळ पहिली खूण झाली. शोषण वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो, त्याच्या आलेखात) 610 आणि 670 नॅनोमीटरच्या आसपास दोन उंचवटे दिसायला हवेत, आणि रामन वर्णपटातल्या (लेसरचा प्रकाश पदार्थावरून विखुरल्यावर मिळणाऱ्या आलेखातल्या) दोन मुख्य रेषांमधले अंतर, जे जाड स्फटिकात सुमारे 25 एकके (प्रति सेंटीमीटर) असते, ते एकेरी थरात 19-20 पर्यंत खाली येते.

लिथियमच्या पद्धतीबद्दल मला स्पष्टच सांगितले पाहिजे. 1986 मध्ये कॅनडात याच मार्गाने एकेरी थर मिळवले गेले: थरांमध्ये लिथियम शिरवायचे, मग पाणी घालायचे, की तयार होणारा हायड्रोजन थरांना दूर लोटतो. पण त्यासाठी वापरले जाणारे ब्युटिललिथियम हवेत आपोआप पेट घेते. निष्क्रिय वायूची पेटी आणि सरावलेला मार्गदर्शक शेजारी नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय या मार्गाने बऱ्याच पत्र्यांची अणुरचना बदलून ती अर्धवाहकाऐवजी धातूसारखी वागू लागतात. निष्क्रिय वायूत सुमारे 300 अंशांपर्यंत तापवल्यावर मूळ रचना बव्हंशी परत येते.

म्हणूनच पत्रे कशासाठी हवीत, हे आधी ठरवावे. ट्रान्झिस्टर किंवा प्रकाशसंवेदक करायचा असेल तर मोठे, निर्दोष, एकेरी थर लागतात, आणि ते चिकटपट्टीने सोलून किंवा तप्त नळीत बाष्पापासून वाढवून मिळवतात; सोनिकेटर पत्र्यांचे तुकडे करतो, तो तिथे उपयोगाचा नाही. पाण्यातून हायड्रोजन काढण्यासाठी मात्र हेच तुकडे चांगले, कारण अभिक्रिया मुख्यतः पत्र्याच्या कडांवर घडते आणि पत्रे जितकी लहान तितक्या कडा अधिक. कडांचा हाच गुण तेलशुद्धीकरणात फार पूर्वीपासून वापरला जातो. डिझेलमधले गंधक काढताना कोबाल्ट किंवा निकेलची जोड दिलेला मॉलिब्डेनम सल्फाइड उत्प्रेरक म्हणून वापरतात. एप्रिल 2020 पासून आपल्याकडे किलोभर डिझेलमध्ये 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक गंधक चालत नाही, त्यामुळे बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीवरून जाताना या काळ्या भुकटीची आठवण ठेवायला हरकत नाही.

आपल्या बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ फेकू नये. तो गाळून, वाळवून पुन्हा नव्या मिश्रणात घालावा. वाळलेली भुकटी हाताळताना मास्क लावावा, आणि सोनिकेटरचा वेळ, तापमान व सेंट्रिफ्यूजचे फेरे वहीत नोंदवावेत, म्हणजे दुसऱ्या खेपेचा हिरवा रंग पहिल्याशी ताडून पाहता येईल.