आधी माणूस विचार

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र आणि सोबतचा प्रेमकथांच्या प्रकारांचा तक्ता, दोन्ही मिळालं. तक्ता मोबाइलवर उघडेना, म्हणून भाच्याकडून छापून घेतला. ‘एनिमीज टू लव्हर्स’, ‘फेक मॅरेज’, ‘सेकंड चान्स’, प्रत्येकाला वेगळा रंग आणि खाली आपल्या वाचनालयाच्या कपाटांतल्या मराठी कादंबऱ्यांची नावं. मेहनत दिसते. पण तो तक्ता तूर्त खणात ठेव.

‘एखादी छान प्रेमकथा द्या’ म्हणणाऱ्या बाईंना तू ‘ययाति’ दिलीस. दोन दिवसांत त्या परत आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हा माणूस मला नाही सहन होत.’ तू मला लिहितेस, ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाचं पुस्तक वाचकांना पेलत नाही, आता काय करायचं! अगं, पेललं म्हणूनच परत आलं. 1959 सालच्या त्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने आपापली बाजू सांगतात, आणि ययाति जितका बोलतो तितका उघडा पडत जातो. खांडेकरांनी तो तसाच रंगवलाय. बाईंनी एका वाक्यात नेमकं समीक्षण केलं आणि पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं तेही सांगितलं. तू मात्र परतीचा शिक्का मारून मोकळी झालीस.

म्हणून पहिली गोष्ट, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच. आधी माणूस, मग विषय. प्रेमकथा वाचणारा वाचक तीनशे पानं कुणाच्या तरी सहवासात काढणार असतो. तो कोण, हे त्याला आधी कळायला हवं. कॉलेजातलं प्रेम की लग्नानंतरचं, सुखान्त की शोकान्त, हे सगळं नंतर. स्थळ सुचवताना आपण घर, शेत, नोकरी सगळं सांगतो आणि मुलगी विचारते, मुलगा कसा आहे? वाचकही तेच विचारत असतो, फक्त त्याला ते शब्दांत मांडता येत नाही. ते काम आपलं.

वर्गीकरणाकडून मदतीची अपेक्षा ठेवू नकोस. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीत सगळी मराठी कादंबरी 891.463 वर येऊन पडते. फडके तिथेच, अर्नाळकर तिथेच, नेमाडे तिथेच. त्या आकड्याला ‘रणांगण’मधला चक्रधर कसा आहे आणि ‘पार्टनर’मधला श्री कसा आहे हे कुठून कळणार? ते देवघेवीच्या खिडकीवरच्या माणसाच्या डोक्यात असावं लागतं. रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची 1931 सालची पाच सूत्रं तू परीक्षेत घडाघडा लिहिली असशील. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ यातल्या ‘त्याचं’ या शब्दासाठी आपल्याला पगार मिळतो. तोही वेळेवर मिळत नाही, ते सोड.

आता विचारायचं कसं? ‘कोणत्या प्रकारची हवी?’ असं विचारलंस की समोरचा गांगरतो आणि ‘कुठलीही चांगली’ म्हणतो. त्याऐवजी विचार, ‘मागे वाचलेल्यातलं कोण आवडलं होतं?’ पुस्तक नको, लेखक नको, कोण. नावं आठवत नाहीत लोकांना. ‘तो होता ना, मनात सगळं बोलतो पण तोंडातून शब्द फुटत नाही’ असं काहीतरी सांगतील. एवढं पुरे. असा माणूस आवडणाऱ्याला वपुंच्या ‘पार्टनर’मधला श्री दे. तो वाचून झाला असेल तर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ दे. नववीतला मुकुंद, आणीबाणीचे दिवस आणि शिरोडकर. वय वेगळं, काळ वेगळा, शेवटही वेगळा, पण आतल्या आत कुढत, हसत, स्वतःशी हिशेब करत प्रेम करणारा माणूस तोच. तुझ्या तक्त्यात ही दोन पुस्तकं दोन टोकांना आहेत. माझ्या कपाटात ती शेजारी असायची.

‘दुनियादारी’ला तर तू अगदीच भलतीकडे टाकलंस. 2013 मध्ये सिनेमा आला तेव्हा शिरवळकरांच्या त्या कादंबरीसाठी रांग लागली होती. परत करायला येणाऱ्या पोरांना मी विचारायची, कोण आवडलं? दहातली निम्मी म्हणायची, दिग्या. म्हणजे त्यांना प्रेमिक नको होता, जिवाला जीव देणारा मित्र हवा होता. अशा पोराला पुढची प्रेमकथा दिलीस तर तो दुसऱ्या दिवशी वाचनालय सोडतो.

कडवट, दुखावलेला, जवळ येणाऱ्यालाच टोचून बोलणारा नायक मागणाऱ्या मुली दरवर्षी येतात. इंग्रजी वाचणाऱ्या असतील तर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या डार्सीचं नाव घेतील. त्यांच्या हातात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ठेव. 1939 ची, चणीने लहान. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर नाझींच्या जाचातून सुटून परागंदा झालेले ज्यू, त्यांच्यात हॅर्टा, आणि प्रेमात एकदा पोळलेला, पुन्हा हात पुढे करायला तयार नसलेला चक्रधर. विषय म्हणून सांगशील तर ‘युद्धाच्या पार्श्वभूमीवरची’ म्हणशील, आणि मुलगी नाक मुरडेल. माणूस म्हणून सांग. तिथल्या तिथे पहिलं पान उघडून वाचायला लागते की नाही बघ.

यात एक सावधगिरी. मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचून आलेल्या वाचकाला शेवटी दोघं एकत्र येणार याची खात्री असते, त्या खात्रीवरच तो पुस्तक उचलतो. 1908 मध्ये लंडनला सुरू झालेल्या त्या प्रकाशनाचा सगळा धंदा पुढे याच भरवशावर उभा राहिला. आपल्याकडे तसा करार नाही. मराठी प्रेमकादंबरी वाचकाला रडवायला मागेपुढे पाहत नाही. तेव्हा शेवट सांगू नकोस, पण ‘ही जड जाते हं’ एवढं तरी सांग. डॉक्टर औषध कडू आहे सांगतात ना, तेवढंच.

फडक्यांबद्दल तू लिहिलंयस, ‘आता कोण वाचतं?’ साठी ओलांडलेल्या पुरुषांना विचार. देखणा, शिकलेला, टापटिपीचा नायक आणि त्याच्याशी बरोबरीने हुज्जत घालणारी नायिका हवी असेल, तर ‘दौलत’ आणि ‘अटकेपार’ अजून हलकेच वाचून होतात. माझं स्वतःचं मत विचारशील तर मला ती माणसं इस्त्री केल्यासारखी वाटतात. पण माझं मत कुणी मागितलं? खिडकीवर बसल्यावर आपली आवड घरी ठेवून यायची.

बायका-बायकांतही फरक आहे, आणि तुझ्या तक्त्यात ‘स्ट्राँग फीमेल लीड’ असा एकच रकाना आहे! गोनीदांच्या ‘जैत रे जैत’मधली चिंधी धीट आहे, हवा तो माणूस स्वतः निवडते आणि नाग्याच्या वेडालाही साथ देते. गौरी देशपांड्यांच्या बायका वेगळ्याच. शिकलेल्या, फिरलेल्या, स्वतःची थट्टा करणाऱ्या, आणि आपल्या प्रेमाबद्दल कुणाची माफी न मागणाऱ्या. ‘तेरुओ’ घेऊन गेलेल्या एक बाई दोनदा तारीख वाढवून घ्यायला आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा पुस्तक पिशवीतून बाहेर न काढताच मला विचारलं, ‘ही चांगल्या घरातली ना हो?’ मी म्हटलं, ‘हो, पुण्याची.’ त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तारीख वाढवून नेलं. चिंधी आवडणाऱ्या बाईला ‘तेरुओ’ देऊन चालत नाही, आणि उलटही नाही. ‘हिंदोळ्यावर’ आणखी तिसरीच. नवऱ्याने टाकलेली बाई पुन्हा प्रेम करायला निघते, आणि हे 1934 मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. विभावरी म्हणजे मालतीबाई, त्या पुढे ‘रणांगण’वाल्या विश्राम बेडेकरांच्या पत्नी झाल्या. मराठीतल्या दोन बंडखोर प्रेमकादंबऱ्या एका घरातल्या म्हणायच्या, हे वाचकांना सांगितलंस तर दुसरी हमखास मागतात.

आणि ‘स्वामी’ ऐतिहासिकच्या कपाटातून प्रेमकथेकडे का आणली म्हणून मला ज्येष्ठ सभासदांनी धारेवर धरलं होतं. अरे, रणजित देसाईंच्या माधवराव-रमेसाठीच तर बायका ती पुन्हा पुन्हा नेतात! पानिपतानंतरचा हिशेब वाचायला नाही नेत. कर्तव्यात बुडालेला नवरा आणि त्याची वाट बघणारी बायको हा माणसांचा एक जोड आहे, तो आवडणारा मोठा वाचकवर्ग आहे, आणि तो ‘इतिहास’ या पाटीखाली सापडत नाही. मी आणली, आणि आजही आणीन.

विषयाला जागाच नाही असं मी म्हणत नाहीये. 2016 मध्ये ‘सैराट’ पाहून आलेली पोरं ‘असंच काहीतरी’ मागायची. तिथे विषय पुढे आला, जातीचा. तेव्हा अण्णा भाऊंची ‘आवडी’ दिली, दळवींची ‘महानंदा’ दिली. तरी आधी विचारलंच, आर्ची आवडली का परशा? ‘आर्ची’ म्हणणाऱ्याला ‘आवडी’. कळतंय ना मी काय म्हणतेय?

एका बाबतीत मात्र काहीही विचारायचं नाही. अकरावी-बारावीतला एक मुलगा वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी उभा राहायचा आणि खिडकीवरची गर्दी ओसरल्यावर पुढे यायचा. प्रेमकथा मागायचा, कोण आवडलं विचारलं की खाली बघायचा. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ मी स्पर्धा परीक्षेच्या दोन गाइडांच्या मध्ये घालून त्याच्यापुढे सरकवली. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण, दोघांचाही जीव जडतो, अशी ती 2006 सालची कादंबरी. नोंद केली, तारीख टाकली, नाव मोठ्याने वाचलं नाही. तू पुस्तकाचं नाव पुकारून मग शिक्का मारतेस, तुझ्या प्रशिक्षणाच्या वेळी पाहिलंय मी. ती सवय आजच्या आज सोड. पुस्तक कुणी नेलं हे फक्त नोंदीला माहीत असावं.

तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. ग्रंथालयशास्त्रात एम. लिब. करून आपण लव्हस्टोऱ्या वाटत बसलोय, मित्रमैत्रिणी हसतात, असं लिहिलंयस. हसू दे. माझ्या मागेही कुजबुज चालायची, बाई एकट्या आहेत म्हणून त्यांना असली पुस्तकं लागतात. मी एकटी आहे ते खरं आणि असली पुस्तकं मला लागतात तेही खरं, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. असो. चिडले बघ.

खरी चीड वेगळी आहे. चंद्रकांत काकोडकर, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट आमच्याकडे होतं. पुठ्ठे निखळलेले, कोपरे दुमडलेले, पानांवर हळदीचे डाग. तेव्हाच्या कार्यकारी मंडळाने ‘जीर्ण व हलकं साहित्य’ म्हणून त्याचं निर्लेखन केलं, म्हणजे ते संग्रहातून काढून टाकलं. मी सभेत उभी राहून म्हटलं, ही वाचली गेली म्हणून जीर्ण झाली आहेत. समोरच्या कपाटातल्या चरित्रखंडांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, ती का नाही काढत? कुणी ऐकलं नाही. रद्दीवाला आला. दाखल नोंदवहीत त्या ओळींवर लाल शाईने रेघा मारायचं काम माझ्याकडेच आलं. तीच पुस्तकं आज शोधायला गेलीस तर रस्त्यावरच्या जुन्या बाजारात नशिबाने एखादी मिळते.

आणि ‘हलकं’ म्हणजे काय? काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ निघाला, तो सगळ्या मंडळाने पाहिला असणार. त्यांची ‘श्यामा’ 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. देशाच्या सर्वोच्च न्यायमूर्तींनी एका मराठी प्रेमकथेतला कवी-शिक्षक निशिकांत आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन स्त्रिया यांचा विचार करण्यात वेळ घालवला. आमच्या मंडळाला एक दुपार काढता आली नाही.

तर आता कामाचं. त्या ‘ययाति’वाल्या बाई पुन्हा येतील, वर्गणी भरलेली आहे. त्यांना स्वतःपलीकडे बघणारा माणूस हवाय. ‘स्वामी’ वाचली नसेल तर ती दे, वाचली असेल तर ‘जैत रे जैत’. दोन्ही नको म्हणाल्या तर वाद घालू नकोस, का नको ते ऐक आणि मला कळव.

तक्त्यातला पहिला रकाना पुसून तिथे ‘कोण आवडलं’ असं लिही. बाकीचे रकाने राहू देत, अनुदानाच्या तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवायला उपयोगी पडतील.

तुझी,
बाई

ता. क. ‘रणांगण’ची आपली प्रत शिवणीत उसवली आहे. बाइंडरकडे देशील तेव्हा कडा कापायच्या नाहीत असं बजावून सांग, समास आधीच अरुंद आहे. आणि पुढच्या खरेदीच्या यादीत तिच्या दोन प्रती टाक. मंडळात कुणी विचारलं तर ‘अभिजात’ म्हण, ‘प्रेमकथा’ म्हणू नकोस.