बॅलेमधला श्वास रोखून धरायला लावणारा तुमचा आवडता क्षण कोणता? नवख्यानं कुठून सुरुवात करावी?

‘ला बायादेर’ या भारतातल्या देवदासीची गोष्ट सांगणाऱ्या बॅलेमधला सावल्यांचा प्रवेश. दुसरं नाव मी घेणार नाही. बरेच जण ‘स्वान लेक’मधले बत्तीस फुएते, म्हणजे एका पायावर सलग घेतलेल्या गिरक्या, सांगतील. 1895 मध्ये इटालियन नर्तिका पिएरिना लेन्यानीनं ते घेतले आणि तेव्हापासून प्रेक्षक आकडा मोजत बसलेत. आपल्याकडे कथकमध्ये चक्कर मोजत टाळ्या पडतात, तसंच. माझा श्वास त्यानं थांबत नाही.

मी सांगलीत अकरा वर्षं कथक शिकले. उंच होते, म्हणून कायम मागच्या ओळीत. एका कार्यक्रमाआधी मी बाईंना विचारलं, माझा हात नीट जातोय का? त्या म्हणाल्या, “तू मागे आहेस, तिथं कोण बघतंय?” घरी येऊन आईला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, पोळ्या लाटत राहिली.

2018 च्या नोव्हेंबरात आई लंडनला माझ्याकडे होती. रॉयल ऑपेरा हाउसची अगदी वरची, स्वस्तातली तिकिटं काढली. फुलांच्या परडीतला साप चावून देवदासी निकिया मरते, तिचा प्रियकर सोलोर दुःखात अफू ओढतो, आणि त्याच्या स्वप्नात, अंधारात एक उतार दिसतो. त्यावर पांढऱ्या पोशाखातली एकच मुलगी. एक पाय मागे उचललेला, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. मग ती मागे कलते, हात डोक्यावर नेते, दोन पावलं पुढे येते. पुन्हा तेच. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. रशियन नर्तिका नताल्या माकारोवानं बसवलेल्या या आवृत्तीत चोवीस जणी असतात, रशियात पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात बत्तीस. शेवटची उतरेपर्यंत पहिलीला तेच करत राहावं लागतं, तेही उतारावर तोल सांभाळत. नृत्यरचनाकार पेतिपानं 1877 मध्ये एवढ्या एका हालचालीवर अख्खा प्रवेश उभा केला. मिंकूसचं संगीतही घाई करत नाही.

पुढे सगळ्या जणी ओळींत उभ्या राहतात आणि पाय बाजूला, हळूहळू वर नेतात. तिथं एकीचा घोटा थरथरला तरी वरच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसतं. मी श्वास घ्यायची विसरले. आईनं माझं मनगट धरलं होतं ते मध्यंतराचे दिवे लागल्यावर सोडलं. म्हणाली, “ती सगळ्यात आधी उतरली, तिचं नाव काय गं?” मला सांगता आलं नाही.

निकिया नंतर येते, सुंदर नाचते. पण तिच्यामागच्या चोवीस जणी काढून घ्या, काय उरतं? म्हणून नाच शिकवणाऱ्या सगळ्यांना सांगते, कच्च्या मुलींना मागे ढकलू नका. पुढची चुकली तर ती एकटी चुकते, मागची हलली तर ओळच मोडते. मागच्या ओळीतही हात तपासा. मुलीनं विचारलं तर उठून जा आणि तिचा हात बघा. दोन मिनिटं लागतात.

एक सांगायचं राहिलं. यातला भारत साफ खोटा आहे. देवदासी, फकीर, पवित्र अग्नी, सगळं पीटर्सबर्गमध्ये बसून रचलेलं. पहिल्या अंकात चिडचिड होईल, मलाही झाली. आणि फुएते सोपे आहेत असं मी म्हणत नाहीये, लेन्यानीची ताकद मोठीच.

सुरुवात कुठून करायची? याच प्रवेशापासून करा. महाग तिकीट काढून पुढे बसू नका, ओळी वरूनच दिसतात. व्हिडिओ बघणार असाल तर कॅमेरा लांब ठेवून घेतलेला शोधा. चेहऱ्याजवळ गेला की बाकीच्या तेवीस जणी चौकटीबाहेर.