पेव्हर ब्लॉकवरचा पांढरा थर आणि ठेकेदाराचे अडकलेले २४ हजार

प्रश्न : नाशिकला आमच्या बंगल्याच्या अंगणात ९०० चौरस फूट पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. दर ११० रुपये, म्हणजे एकूण ९९ हजार. लेखी करार नाही, कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं होतं. ५० हजार यूपीआयनं आणि २५ हजार रोख दिले. सांध्यांत पॉलिमर (रेतीला धरून ठेवणारं चिकट द्रव्य) मिसळलेली तयार रेती भरली होती. मार्चमध्ये काम संपलं आणि दोन दिवसांत सगळ्या ब्लॉकवर पांढुरका थर दिसू लागला. तक्रार केल्यावर ठेकेदाराच्या दोन पोरांनी येऊन एक कोपरा अॅसिडनं घासला. तो ४० चौरस फुटांचा भाग आता खडबडीत आणि पिवळट झालाय. ठेकेदार म्हणतो, तुमच्या माळ्यानं पाणी मारलं म्हणून असं झालं. उरलेले २४ हजार द्या, नाहीतर फसवणुकीची पोलीस तक्रार करतो. दुसऱ्याकडून साफ करून घेऊन तो खर्च कापला तर चालेल का?

उत्तर : चालेल. पण आज माणूस बोलावून उद्या अंगण चकाचक केलंत, तर कापलेल्या पैशांचा हिशेब द्यायला हातात काहीच उरणार नाही. आधी पुरावा, मग नोटीस, मग सफाई, हा क्रम सोडू नका.

पहिली गोष्ट, रेतीच्या रिकाम्या गोण्या फेकल्या असतील तर शोधा. एखादी अंगणामागे, पाण्याच्या टाकीजवळ पडलेली असतेच. तुमच्याकडे लेखी करार नाही. अशा वेळी काम कसं व्हायला हवं होतं हे सांगणारा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे त्या गोणीवर छापलेल्या सूचना. पॉलिमर रेतीची पद्धत सर्वसाधारणपणे अशी असते: ब्लॉक पूर्ण कोरडे हवेत, रेती झाडून सांध्यांत भरायची, कॉम्पॅक्टर फिरवून दाबायची, ब्लॉकच्या वरच्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर खाली ठेवायची, ब्लॉकवर राहिलेली धूळ ब्लोअरनं उडवून लावायची आणि मगच पाण्याचा बारीक फवारा मारायचा. तुमच्याकडे बहुधा ब्लोअरची पायरी गाळली गेली. धुळीतला पॉलिमर पाणी लागताच ब्लॉकला चिकटला. गोणी नसेल, तर व्हॉट्सअॅपवर रेतीचं नाव किंवा फोटो आहे का पाहा आणि त्या मालाच्या सूचना दुकानदाराकडून मिळवा.

आता थर कसला आहे ते नक्की करा, कारण जबाबदारी त्यावर ठरते. हाताला लागणारी सुटी रेती असेल तर तो वाद नाही, झाडूचं काम आहे. नखानं खरवडल्यावर पिठासारखं निघत असेल तर तो लोणा. सिमेंटमधले क्षार वर येतात, बरेचदा काही महिन्यांत आपोआप कमी होतात आणि त्यासाठी ठेकेदाराला धरणं अवघड जातं. पण गरम पाणी ओतल्यावर थर दुधाळ आणि चिकट होत असेल, आत रेतीचे कण दिसत असतील, तर तो पॉलिमरचा थर आणि मुद्दा कारागिरीचा.

माळ्याच्या पाण्याचं उत्तरही अंगणातच सापडेल. पाणी जास्त झालं असतं तर थर उताराच्या बाजूनं ओघळत गेला असता, जाळीपाशी आणि खोलगट जागी साचला असता. धूळ राहून गेली असेल तर झाडूच्या फटकाऱ्यांसारखे पट्टे दिसतात आणि थर सगळीकडे जवळपास सारखा असतो. गाडीच्या शेडखाली, जिथे माळी पाइप नेतच नाही, तिथेही थर असेल तर ठेकेदाराचा बचाव तिथेच संपला. मात्र रेती भरली त्या संध्याकाळी माळ्यानं खरंच पाणी मारलं असेल तर लपवू नका. किती वाजता आणि कुठे मारलं ते लिहून ठेवा. उलटतपासणीत निघालेलं सत्य जास्त महाग पडतं.

फोटो कोरड्या ब्लॉकचे, ओल्या ब्लॉकचे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. एका सिव्हिल इंजिनिअरला पाहणीला बोलवा. पाहणीची तारीख-वेळ ठेकेदाराला आधी मेसेजनं कळवा. तो आला नाही तरी ‘माझ्या पाठीमागे अहवाल केला’ म्हणायला जागा राहत नाही. अॅसिडच्या कोपऱ्याची वेगळी नोंद हवी, कारण त्याच्याच माणसांनी केलेलं ते स्वतंत्र नुकसान आहे. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, हँडसेटही सध्या बदलू नका. दिवाणी दावा झालाच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, मोबाइलवरच्या नोंदी पुराव्यात देण्यासाठीचं प्रमाणपत्र द्यावं लागेल. रोख २५ हजारांसाठी त्या दिवशीची बँकेतून काढलेली रक्कम किंवा ‘मिळाले’ असा मेसेज शोधा.

मग नोटीस. स्पीड पोस्टनं, पोच घेऊन, आणि तीच व्हॉट्सअॅपवरही. मजकूर साधा ठेवा:

‘आपण मार्चमध्ये पूर्ण केलेल्या कामात सांध्यांत भरलेल्या रेतीची धूळ न काढता पाणी मारल्याने ब्लॉकवर पॉलिमरचा पांढरा थर बसला आहे. तसेच आपल्या माणसांनी अॅसिड वापरल्याने सुमारे ४० चौ. फूट भागातील ब्लॉक खराब झाले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांत, अॅसिड न वापरता, दोष स्वखर्चाने दूर करावेत. अन्यथा काम इतरांकडून करून घेऊन खर्च आपल्या देय रकमेतून वजा केला जाईल. सोबत इंजिनिअरचा अहवाल व दोष दूर करण्याच्या खर्चाची दोन कोटेशन जोडली आहेत.’

एरवी मी ३० दिवस द्यायला सांगतो. इथे १० पुरेत, कारण सफाईला कोरडे दिवस लागतात आणि जूनमध्ये पाऊस आला की कामही अडेल, पुरावाही धुऊन जाईल. १० दिवस का, हेही नोटिशीत एका वाक्यात लिहा.

या कापाकापीचा आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७३. करारभंगानं झालेल्या नुकसानीची भरपाई त्यात मिळते, पण नुकसान कमी करण्याचे उपाय हाताशी होते का, हेही पाहिलं जातं. म्हणजे वर्षभर थर तसाच ठेवून ‘सगळे ब्लॉक बदलून द्या’ म्हणालात तर निभाव लागणार नाही. जे धुऊन निघतं ते धुऊन घ्यायला हवं.

सफाई करणाऱ्यालाही मोकळं सोडू नका. एका कोपऱ्यात एक मीटर बाय एक मीटरवर आधी चाचणी: जवळपास उकळतं पाणी थोडं थोडं ओतायचं, कडक नायलॉन ब्रशनं घासायचं, दुधाळ पाणी वाळायच्या आत उचलायचं. जमलं तर तेवढाच एकेक भाग घेत पुढे. नाही जमलं तर पॉलिमरच्या थरासाठीच बनवलेलं क्लीनर, त्याचीही चाचणी आधी. तारेचा ब्रश नको, तारांचे तुकडे अडकून गंजतात. प्रेशर मशीन वापरायचंच तर पंख्यासारखी धार, तिरपी, ब्लॉकपासून फूटभर लांब. सरळ टोकदार धार सांध्यांतली रेती उपसून काढते आणि नवा वाद उभा राहतो. चेंबरच्या तोंडावर गोणपाट टाका, नाहीतर सगळी रेती ड्रेनेजमध्ये. शेवटी सांधे पुन्हा भरून घ्या, या वेळी ब्लोअरसह. आणि निदान एक चौरस मीटर पट्टा न धुता तसाच ठेवा. फोटोवर वाद घालता येतो, समोरच्या जमिनीवर घालता येत नाही. थर पूर्ण निघेपर्यंत सीलर (ब्लॉकवर मारायचा संरक्षक लेप) मात्र मारू देऊ नका. खालचा पांढरेपणा कायमचा आत अडकेल.

अॅसिडचा कोपरा धुऊन सुधारणार नाही. अॅसिडनं सिमेंटची वरची कातडीच खाल्ली आहे, तिथले ब्लॉक बदलावे लागतील. २०० बाय १०० मिलिमीटरचे असतील तर एका चौरस मीटरला ५०, म्हणजे ४० चौरस फुटांना १८६. तुटफूट धरून २०० मागवा. नव्या लॉटची छटा थोडी वेगळी निघेल. ते टाळायचं तर गेटजवळचे जुने ब्लॉक काढून या कोपऱ्यात घाला आणि तिकडे नवे बसवा.

पोलीस तक्रारीची धमकी मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीत सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. ७५ हजार देऊन, दोष लेखी कळवून उरलेली रक्कम राखून ठेवणाऱ्यावर ते कलम लागत नाही; हा दिवाणी वाद आहे. त्यानं दिवाणी दावा लावला तर तुमचा प्रतिदावा तयार असेल.

तुम्हाला स्वतःहून जायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये काही पैसे दिलेले आणि काही द्यायचे बाकी असले तरी तुम्ही ग्राहकच ठरता. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि कलम ६९ प्रमाणे मुदत २ वर्षं. ठेकेदाराला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. निकाल ३ महिन्यांत, चाचणी लागल्यास ५ महिन्यांत, असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखा धरून चाला.

पण कदाचित तिथवर जावंच लागणार नाही. समजा सफाईचं कोटेशन, अॅसिडचा कोपरा सोडून, १८ रुपयांनी ८६० चौरस फुटांचं १५,४८० आलं, २०० ब्लॉक ३,२०० चे, मजुरी ३,०००. बेरीज २१,६८०. म्हणजे २४ हजारांतून ठेकेदाराचे २,३२० निघतात. काम झाल्यावर बिलांच्या फोटोसह हा हिशेब त्याला पाठवा आणि ते २,३२० त्याच दिवशी यूपीआयनं, ‘अंगणाच्या कामाचा अंतिम हिशेब’ असं लिहून, देऊन टाका. रोख नको.