विजेरीचा प्रखर प्रकाश कुठे अडतो?

प्रश्न : स. न. वि. वि. जुन्नर तालुक्यात आमची शेती आहे. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री मिळत असल्यामुळे मोटर सुरू करायला अंधारात विहिरीवर जावे लागते. उसाच्या कडेने जाताना बिबट्याचे भय असते, म्हणून दोन वर्षांपूर्वी १८६५० आकाराच्या एका सेलवर चालणारी, मागे बटण असलेली अ‍ॅल्युमिनियमची एलईडी विजेरी घेतली. तिला मंद, मध्यम, प्रखर आणि लुकलुक असे चार प्रकार आहेत व बटण अर्धे दाबले की पुढचा प्रकार येतो. गेल्या पावसाळ्यापासून मंद प्रकाश व्यवस्थित मिळतो, मध्यम कधी येतो कधी नाही, आणि प्रखरावर नेले की क्षणभर लख्ख झोत पडून विजेरी पुन्हा मंदावर येते. जुना सेल थकला असेल असे समजून ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमता छापलेला नवा सेल आणला. तो १ अँपिअरच्या चार्जरवर पाऊण तासात भरल्याचा हिरवा दिवा दाखवतो, पण विजेरीचे दुखणे तसेच आहे. दुरुस्ती करणाऱ्याने ‘सर्किट गेले, नवी घ्या’ असे सांगितले. खरोखर टाकून द्यावी काय?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : टाकून देऊ नये. आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे क्षणभर पडणारा तो झोत. एलईडी किंवा तिला वीज मोजून देणारे सर्किट, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, निकामी झाले असते तर प्रखरावर नेल्यावर काहीच उजळले नसते किंवा प्रकाश मंदाएवढाच राहिला असता. येथे प्रखर प्रकाश लागतो आणि लगेच कोसळतो. याचा अर्थ प्रकार हरवलेला नाही. त्याला लागणारी वीज वाटेत कुठेतरी अडते आहे.

ही वीज किती, ते पाहू. अशा विजेरीला मंद प्रकाशासाठी ५० मिलिअँपिअरच्या आसपास धारा पुरते, तर प्रखर प्रकाशाला ३ अँपिअर, म्हणजे साठपट लागते. मळलेल्या आट्यांमुळे किंवा सैल रिंगेमुळे वाटेत ०.३ ओहम एवढा किरकोळ रोध तयार झाला, तर मंद प्रकाशात त्यावर ०.०१५ व्होल्ट खर्ची पडतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रखरावर मात्र तोच रोध ०.९ व्होल्ट गिळतो. सेलचे ३.७ व्होल्ट असतील तर पुढे २.८ उरतात, आणि पांढऱ्या एलईडीला एवढ्या धारेसाठी साधारण ३ व्होल्टहून अधिक लागतात. व्होल्टेज असे एकदम घसरले की ड्रायव्हरवरची आयसी, म्हणजे प्रकार बदलणारी चिप, बंद पडून पुन्हा सुरू होते आणि पहिल्या प्रकारापासून, म्हणजे मंदापासून, मोजायला लागते. आपण शेतकरी आहात, म्हणून सांगतो : फिल्टर चोंदला तरी ठिबकचे थेंब टपकत राहतात, तुषार मात्र फिरत नाहीत. मंद प्रकाश मिळतो एवढ्यावरून वाट मोकळी आहे असे समजता येत नाही.

आता सेलकडे वळू. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या जागेत चांगल्या प्रतीच्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते, त्यामुळे ९९०० हा आकडा कागदावरच राहणारा आहे. आपल्याच चार्जरने ते सिद्धही केले आहे : १ अँपिअरने पाऊण तासात जास्तीत जास्त ७५० एमएएच भरता येतात. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हा सेल ठेवून पाहावा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, तर असल्या छापाचे सेल कित्येकदा त्याहून बरेच हलके निघतात. अशा सेलचा स्वतःचा अंतर्गत रोधही मोठा असतो, त्यामुळे तो बसवून विजेरीची परीक्षा घेणे म्हणजे आजारी माणसाकडून दुसऱ्या आजाऱ्याची तब्येत विचारून घेण्यासारखे आहे. आपला जुना सेल मात्र कदाचित निर्दोष असेल. तो पूर्ण भरून तासभर बाजूला ठेवावा व मल्टिमीटरने मोजावा. ४.१ ते ४.२ व्होल्ट दिसले तर तपासणी त्याच्यावरच करावी. तासाभरात तो ४ च्या खाली उतरला, किंवा त्याचे प्लास्टिकचे वेष्टन फाटले असेल, तर त्याचा मोह सोडावा. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल पुन्हा भरण्याचा प्रयत्न करू नये. तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेलही बाजारात मिळतात. त्यांची क्षमता बरी असली तरी जुनेपणामुळे ३ अँपिअर देताना त्यांना दम लागतो.

यानंतर ज्या तपासणीने बहुतेक वेळा निकाल लागतो, ती करावी. तिला मीटरही लागत नाही. मागचे टोपण आटे फिरवून पूर्ण काढावे. नळीत सेलच्या ऋण टोकाचा सपाट पृष्ठभाग आणि त्याभोवती नळीची उघडी, रंग नसलेली धातूची कड दिसेल. घरातल्या वायरिंगच्या तांब्याच्या जाड तारेचा बोटभर तुकडा घेऊन त्याची दोन्ही टोके सोलावीत, मधल्या वेष्टनावर धरावे आणि एक टोक सेलच्या तळाला, दुसरे कडेला टेकवावे. विजेरी लागेल. तार क्षणभर उचलून पुन्हा टेकवली की अर्धे बटण दाबल्यासारखेच होऊन पुढचा प्रकार येईल. यात भीतीचे कारण नाही, कारण धारा एलईडीतूनच जाते. मात्र सेल नळीबाहेर असताना त्याची दोन टोके तारेने कधीही जोडू नयेत. तारेवर प्रखर प्रकाश स्थिर राहिला तर दोष टोपणात आहे, मग डोक्याकडे, म्हणजे एलईडी व ड्रायव्हर असलेल्या पुढच्या भागाकडे, पाहण्याचीही गरज नाही. माझा अंदाज असा की आपल्या बाबतीत हेच घडेल.

टोपणात पाहण्याच्या जागा तीन आहेत. सर्वांत आधी आतली पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची रिंग पाहावी, जिला दोन बारीक खाचा असतात. बटण दाबता दाबता आणि टोपण उघडता मिटता ती अर्ध्या-पाऊण फेऱ्याने सैल होते, आणि बटणापासून नळीपर्यंतची वाट तिच्यावरूनच जाते. टोकदार चिमट्याची दोन टोके खाचांत बसवून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट करावी. मी स्वतः एकदा हीच लक्षणे पाहून डोके उघडले, ड्रायव्हर मागवला, डाग देऊन बसवला, एलईडीची एक वायर तोडून पुन्हा जोडली, आणि विजेरी होती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी टोपण हातात घेऊन सहज हलवले तर आत रिंग खुळखुळत होती. तेव्हापासून मी विजेरी आधी कानाशी हलवून पाहतो.

दुसरी जागा आट्यांची. अ‍ॅल्युमिनियमवर घासण्याने काळी पूड धरते आणि पावसाळ्यानंतर तिच्यात ओल व धूळ मिसळून लेप होतो. जुन्या सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आटे आणि नळीची कड पुसावी. कापड काळे येणे थांबेपर्यंत पुसत राहावे. कडेवर डाग राहिलाच तर शाळेतल्या खोडरबराने घासावे. आट्यांवर काचकागद चालवू नये, त्याने रंगाचे कवच जाऊन आटे ढिले होतात. वंगणासाठी सिलिकॉन ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. व्हॅसलीन नको, पाणी अडवणारे रबरी कडे काही वेळा त्याने फुगते.

तिसरी जागा स्प्रिंगची. स्वस्त विजेऱ्यांत ती बारीक पोलादी तारेची असते आणि एवढी धारा वाहताना तापून तिचा ताण जातो. प्रखर थोडा वेळ टिकून टोपण बोटाला कोमट लागले तर शंका पक्की समजावी, कारण ३ अँपिअरला ०.३ ओहममध्ये २.७ वॉट उष्णता तयार होते आणि ती त्या चिंचोळ्या जागेतच साठते. स्प्रिंग हलकेच ओढून लांब करावी. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाने तिच्या आतून तांब्याची लवचीक वायर वरपासून खालपर्यंत जोडली तर धारा तिच्यातून जाईल आणि स्प्रिंगकडे फक्त सेल दाबून धरण्याचे काम उरेल. एवढे करूनही काही उपयोग झाला नाही तर बटणच झिजले असावे. ते स्वतंत्र मिळते.

तारेच्या तपासणीतही झोत कोसळला, तर सेल चांगला असल्याची खात्री करून डोक्याकडे जावे. तिथेही ड्रायव्हर धरून ठेवणारी रिंग असते किंवा तो दाबून बसवलेला असतो. त्याची सैल कड हेच पहिले कारण. त्यापुढे मात्र ड्रायव्हरच तपासावा लागतो. काही ड्रायव्हरमध्ये मंद प्रकाशासाठी जास्तीत जास्त सुमारे ३५० मिलिअँपिअर देणारी एक आयसी आणि प्रखरासाठी वेगळा मॉस्फेट, म्हणजे मोठी धारा सोडणारी इलेक्ट्रॉनिक कळ, असतो. मॉस्फेट गेला की मंद टिकतो व प्रखर नाहीसा होतो, पण मग क्षणभराचा झोतही दिसत नाही. त्यामुळे आपल्या विजेरीत तो शाबूत असावा.

धारा मीटरने मोजायची इच्छा असेल तर एक सावधगिरी सांगतो. स्वस्त मीटरच्या बारीक वायरींचा स्वतःचाच रोध एवढा असतो की १० अँपिअरच्या खाचेत लावूनही विजेरी प्रखरावर कोसळू शकते आणि नसलेला दोष दिसतो. म्हणून तारेच्या तुकड्याचा निकाल अधिक विश्वासाचा मानावा.

प्रश्न : माझी नवी विजेरी प्रखरावर लावली की दोन-अडीच मिनिटांनी आपोआप मध्यमावर येते. दुकानदाराला परत करावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : परत करण्याची गरज नाही, बहुधा ती स्वतःला जपते आहे. ३ अँपिअरला दहा वॉटच्या आसपास वीज मुठीएवढ्या धातूत खर्च होते आणि तिचा बराच भाग उष्णता बनतो, म्हणून अनेक ड्रायव्हर ठरावीक वेळाने किंवा ठरावीक तापमानाला प्रकाश उतरवतात. डोके हाताला चांगले तापलेले लागते का आणि बटण दाबून पुन्हा प्रखरावर नेल्यास तो लागतो का, एवढे पाहावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर विजेरी ठीक आहे. डोके थंड असतानाच, दोन-चार सेकंदांत, प्रकाश कोसळत असेल तर मात्र वरच्या उत्तरातील तारेचा तुकडा हाती घ्यावा. विजेरी हमीच्या मुदतीत असल्यामुळे टोपणाची रिंग घट्ट करण्यापलीकडे स्वतः काही न उघडता ती दुकानात न्यावी.