अस्वलांची लापशी आणि रिझर्व्ह बँक

प्रश्न : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी डिसेंबर २०२५च्या पतधोरणात ‘गोल्डिलॉक्स’ हा शब्द वापरल्याचे वाचले. माझी नात विज्ञानाच्या पुस्तकातून ‘गोल्डिलॉक्स पट्टा’ वाचून दाखवते. ही तीन अस्वलांच्या गोष्टीतलीच मुलगी का? असल्यास तिचा बँकेशी आणि ग्रहांशी काय संबंध?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होय, तीच. अस्वलांच्या रिकाम्या घरात शिरून ती तीन वाडग्यांतली लापशी चाखते. एक तोंड पोळेल इतकी गरम, दुसरी पार निवलेली आणि तिसरी अगदी हवी तशी. खुर्च्यांच्या आणि बिछान्यांच्या बाबतीतही हेच घडते. हे ‘अगदी हवे तसे’ तेवढे इंग्रजीने गोष्टीतून उचलले आणि दोन टोकांच्या मधले नेमके माप जिथे सापडेल तिथे तिचे नाव लावले.

खगोलशास्त्रात या पट्ट्याचे रीतसर नाव ‘वसतियोग्य पट्टा’ असे आहे. ताऱ्यापासून ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावरील पाणी द्रवरूपात टिकू शकते, तो हा पट्टा. शुक्राचा पृष्ठभाग ४६० अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला, मंगळाचे सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, आणि मधली पृथ्वी म्हणजे तिसरा वाडगा. शुक्र इतका तापण्यामागे नुसते अंतर नसून त्याचे कार्बन डायऑक्साइडचे दाट वातावरणही आहे, त्यामुळे उपमा इथे थोडी लंगडते. तरीही २०१४ मध्ये केप्लर-१८६एफ हा दुसऱ्या ताऱ्याच्या अशा पट्ट्यातला, पृथ्वीएवढ्या आकाराचा पहिला ग्रह जाहीर झाला तेव्हा बातम्यांमधून हेच नाव फिरले.

अर्थकारणात हा शब्द रुळला तो १९९२ पासून. सॅलोमन ब्रदर्स या अमेरिकी संस्थेतील डेव्हिड शुलमन यांनी आपल्या टिपणाच्या शीर्षकात तो वापरला आणि त्याच शीर्षकात अस्वलांना दूर ठेवण्याची भाषाही केली. शेअर बाजारात मंदीवाल्यांना ‘बेअर’ म्हणतात, हे लक्षात घेतले की कोटीतली गंमत कळते. वाढ चांगली आणि महागाई आटोक्यात, अशा अर्थव्यवस्थेला तेव्हापासून हे विशेषण लागते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीतील ८ टक्के वाढ आणि २.२ टक्के महागाई यांचा उल्लेख करून त्या स्थितीला ‘दुर्मिळ गोल्डिलॉक्स काळ’ म्हटले आणि रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) पाव टक्क्याने उतरवून ५.२५ टक्क्यांवर आणला. महागाईचे लक्ष्य ४ टक्क्यांचे असल्याने, काटेकोरपणे पाहिले तर ही लापशी जरा निवलेलीच होती. दर कमी करायला वाव मिळाला तो त्यामुळेच.

गमतीचा भाग असा की, मूळ छापील गोष्टीत ही मुलगी नाहीच. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कथेत अस्वलांच्या घरात शिरते ती एक तोंडाळ म्हातारी, आणि अस्वलेही आई-बाप-पिल्लू अशी नसून लहान, मध्यम आणि थोराड असे तिघे नर आहेत. त्यांचे आवाज दाखवायला छपाईतही युक्ती केलेली होती : थोराड अस्वलाचे बोलणे ठसठशीत मोठ्या टायपात, तर छोट्याचे बारीक टायपात. पुढे जोसेफ कंडल याने १८५०च्या सुमारास, म्हाताऱ्यांच्या गोष्टी आधीच पुष्कळ आहेत म्हणून, तिच्या जागी मुलगी आणली. तिचे केस आधी चंदेरी होते, नंतर सोनेरी झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ‘गोल्डिलॉक्स’ हे नाव पक्के झाले. हा बदल झाला नसता, तर आज आपण ‘म्हातारीची अर्थव्यवस्था’ वाचत बसलो असतो!

शब्द वापरणाऱ्यांनी गोष्टीचा उरलेला भाग मात्र वगळला आहे. तिसरा वाडगा तिचा नव्हता, छोट्या अस्वलाचा होता. तो तिने चाटूनपुसून संपवला, खुर्चीही मोडली, आणि घरधनी परतल्यावर तिला खिडकीतून उडी टाकून पळावे लागले. गव्हर्नरांच्या वाक्यातला ‘दुर्मिळ’ हा शब्द त्या मानाने गोष्टीला धरून आहे, कारण अस्वले फिरायला गेली होती ती लापशी निवेपर्यंतच.