‘गोळी जन्माची मागं लागली तर?’

ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या पेशंटशी बोलायला बसले की हा प्रश्न ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. विचारणारे गोळ्या नेतात, पण डोकं दुखेल त्याच दिवशी खातात.

यवतमाळकडचे पन्नाशीचे एक शेतकरी भाऊ तसेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बीपी १७०/१०० आणि एकच पालुपद, “मले काईच होत नाई, मंग गोळी कायले खाऊ?”

आकड्यांनी माणूस गप्प होतो, पण बदलतो तो स्वतःला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीतून, असं माझं ठाम मत. म्हणून मी कापसावर आले.

“भाऊ, गुलाबी बोंडअळी आली हे कळतं कसं?”

“बाहेरून बोंड हिरवंगार. फोडलं तं आत अळी. म्हणून तं कामगंध सापळे लावतो. मादीच्या वासानं अळीचे नर पतंग त्यात अडकते.”

“सापळ्यात पतंग दिसले तर बोंडं सडायची वाट पाहता?”

ते हसले. “म्हंजे थे मशीन सापळा हाय म्हणता!”

पटलं होतं, तरी गोळ्या उरतच होत्या. वाद मिटला म्हणून भीती मिटत नाही. पुढच्या भेटीला वहिनींना बोलावलं, आणि त्याच बोलल्या, “यायच्या बाबाले गोळी चालू केली अन् महिन्यातच लकवा मारला.”

घोडं इथं अडलं होतं. मी एवढंच विचारलं, “त्याआधी बाबांचं बीपी कधी मोजलं होतं?”

भाऊ नखानं टेबलाची कड खरवडत राहिले. मग म्हणाले, “कधीच नाई. म्हंजे बाबाले गोळीच उशिरा भेटली.”

मी सांगितलं असतं, तर हेच वाक्य त्यांनी मानलं नसतं.

आता बाकीच्यांसाठी. या गोळीचं व्यसन लागत नाही. ती सोडल्यावर बीपी चढतं, कारण आजार गेलेला नसतो. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा वर भरलं, तर डॉक्टरांना दाखवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, खर्रा (तंबाखू-सुपारी) नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. भाऊंनी त्या चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवल्यात, सकाळचा चहा काही चुकत नाही. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं कुणाकुणाच्या पायावर सूज येते. तेवढ्यासाठी मनानं गोळी बंद करू नका. डॉक्टरांना पाय दाखवा, गोळी बदलून देता येते.