हुरड्याची गर्दी वाढवू नका, मुक्काम वाढवा

प्रश्न (पारनेर तालुक्यातील शेतकरी): तीन एकर ज्वारी आहे. डिसेंबर-जानेवारीत दर रविवारी शंभरेक माणसं हुरड्याला येतात आणि संध्याकाळी परत जातात. खर्च वजा जाता हाती फार उरत नाही. एक ठेकेदार म्हणतो, स्विमिंग पूल आणि रेन डान्स टाका, माणसं तिप्पट होतील. टाकू का?

उत्तर: टाकू नका. पुणे-अहिल्यानगर पट्ट्यात हा सल्ला घेऊन कर्जात गेलेली शेतं मी बरीच पाहिली आहेत. ठेकेदाराचा नफा पूल बांधण्यात आहे, तो चालवायचा तुम्हाला आहे. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल टाकीत 60 हजार लिटर पाणी बसतं. म्हणजे 10 हजार लिटरचे सहा टँकर, आणि तेही एकदा भरायला. पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, पुढे उन्हाळा उभा असताना, हे पाणी आणणार कुठून? आणि ते क्लोरीनचं पाणी बदलताना सोडणार कोणाच्या बांधावर? जवळच्याच हिवरे बाजारमध्ये गाव दरवर्षी पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडतं, ऊस-केळीला मनाई आहे. पाहुण्यांसाठीही तसाच हिशेब मांडा. मार्चअखेर विहिरीत किती पाणी राहायला हवं ते आधी ठरवा, मगच खोल्यांचा आकडा काढा.

गर्दीचं युरियासारखं आहे. डोस वाढवला की पीक दोन आठवडे हिरवंगार दिसतं आणि मग लोळतं. एका दिवसासाठी आलेला माणूस गाडी आणतो, पत्रावळ्या आणि बाटल्या टाकतो, शेत तुडवतो आणि फक्त ताटाचे पैसे देऊन जातो. दोन रात्री राहिलेला माणूस पिठलं-भाकरी खातो, सकाळी धारेला गोठ्यात येतो, बचत गटाच्या कुरडया-पापड घेतो आणि निघताना दहा-वीस किलो ज्वारी मागतो. कष्टाचाही हिशेब करा. एका खोलीत तीन रात्री तीन वेगळी कुटुंबं उतरली तर चादरी तीनदा धुवायच्या, खोली तीनदा झाडायची. एकच कुटुंब तीन रात्री राहिलं तर हे सगळं एकदाच. पाणी वाचतं, घरातल्या बायकांची पाठ वाचते. हे काम बहुतेक घरांत त्यांच्याच अंगावर पडतं आणि ठेकेदाराच्या कागदावर ते कुठेच नसतं.

म्हणून माझा सल्ला एकच: किमान दोन रात्रींचा मुक्काम. शुक्रवारी संध्याकाळी या, रविवारी दुपारी जा. जुन्या घरातल्या दोन-तीन खोल्यांपासून सुरुवात करा, नवीन बांधकाम नको. सूट द्यायचीच असेल तर दुसऱ्या रात्रीला द्या, पहिलीला नको. दुसऱ्या दिवसासाठी जवळ ठिकाणं भरपूर आहेत: निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे (पाणी वाढलेलं असेल तेव्हा काठावर कोणालाही उभं करू नका), टाकळी ढोकेश्वरचं लेणं, राळेगणसिद्धीतले नालाबांध. सोबत गावातलाच माणूस द्या आणि त्याला मजुरी द्या. एक दिवसाचे पाहुणे पूर्ण बंद करता येत नसतील तर त्यांची संख्या बांधून घ्या आणि आगाऊ बुकिंगशिवाय फाटक उघडू नका.

मुक्काम वाढवायचा तर हुरडाही तेवढे दिवस पुरला पाहिजे. इथेच बहुतेक जण चुकतात. सगळी ज्वारी एका दिवशी पेरतात आणि जाहिरात मात्र दीड महिन्याची करतात. हुरड्याची अवस्था एका प्लॉटमध्ये थोडेच दिवस टिकते, नंतर दाणा कडक होतो. रब्बी ज्वारीच्या पेरणीची वेळ 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्या महिन्यात तीन-चार तुकडे आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे साधारण 95 दिवसांच्या हिशेबाने डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून महिनाभर कोवळी कणसं मिळतील. शेवटचा तुकडा पाण्याच्या सोयीवरच घ्या. 15 ऑक्टोबरहून उशीर करू नका. फुले मधुर किंवा तुमच्याकडची गूळभेंडी हे हुरड्याचे वाण लावा. दुकानदार संकरित बियाणं पुढे करेल, ते हुरड्याला घेऊ नका.

प्रश्न: कणसं निघाल्यावर मावा पडला, पानांवर चिकटा आलाय. दुकानदार दोन औषधं एकत्र मारा म्हणतो. पाहुणे येत्या शनिवारी येणार आहेत.

उत्तर: मारू नका. पाहुणे कणीस भाजून लगेच खातात, त्यात लहान मुलं असतात. काढणीच्या ज्वारीला औषधाचा अंश उतरायला वेळ मिळतो, हुरड्याला मिळत नाही. लेबलवर प्रतीक्षा कालावधी, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते, लिहिलेला असतो, तो दुकानदाराला तोंडाने विचारू नका, स्वतः वाचा. हुरड्याच्या तुकड्यात कणीस पोटऱ्यातून बाहेर पडल्यावर रासायनिक फवारणी बंद म्हणजे बंद. दोन औषधं एकत्र तर कधीच नाही. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर त्यांना काम करू द्या. प्रादुर्भाव फारच असेल तर तो तुकडा हुरड्यातून वगळा, धान्याला ठेवा आणि पाहुण्यांना तसं सांगा. शनिवारचं बुकिंग गेलं तर जाऊ द्या. खोडमाशी आणि लष्करी अळीचा बंदोबस्त बीजप्रक्रियेने आणि पीक लहान असतानाच व्हायला हवा होता, कणसावर नव्हे.

प्रश्न: सरकारी योजना कोणती? अनुदान किती?

उत्तर: 2020 च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, किमान एक एकर शेती लागते. प्रमाणपत्राचा उपयोग बँकेच्या कर्जाला होतो. जेवण देणार असाल तर अन्न नोंदणीही करून घ्या. "अनुदान मिळवून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाला फाटकातूनच परत पाठवा.

प्रश्न: मुलं गाईला हिरवी ज्वारी घालतात, चालेल का?

उत्तर: कोवळी ज्वारी अजिबात नको. फुलोऱ्याआधीच्या ज्वारीत, आणि कणसं काढल्यावर बुडख्यातून येणाऱ्या फुटव्यात तर जास्तच, सायनाइडचं विष असतं. जनावर तासाभरातही दगावतं. मुलांच्या हाती वाळलेला कडबा द्या, गोठ्याशी घरचा माणूस उभा ठेवा. चुकून फुटवा खाल्ला आणि जनावर धापा टाकू लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्यकाला त्याच क्षणी फोन करा.